मागच्या रांगेतला आवाज

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून पेटीचा आवाज यायला लागतो. माझ्या घरामागच्या शाळेत दुपारी साडेतीनला समूहगीताचा सराव असतो, आणि मी चहा घेऊन खिडकीशी बसते. 1986 ते 2017 अशी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका मराठी शाळेत संगीत शिकवलं. त्यामुळे मुलं कुठल्या ओळीला घसरणार, हे भिंतीपलीकडूनही आधीच कळतं.

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं गॅदरिंगचीच आहेत. त्यातली सहा घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना जास्त जागा दिली आहे, कारण त्यांत विचारलेलं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत घडतंच.

ताई, माझा मुलगा पाचवीत आहे. शाळेच्या समूहगानात घेतलं म्हणून आठवडाभर नुसता नाचत होता. परवा घरी आला आणि म्हणाला, “बाईंनी सांगितलंय, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.” पांढरा झब्बा शिवायला टाकलाय, तो आणायलाही आता तो येत नाही. घरी आंघोळ करताना गायचा, तेही बंद झालंय. बाईंशी बोलू की गप्प बसू?
— एक आई, सातारा

बोला. नक्की बोला. पण आधी आठवडाभर थांबा, आणि मुख्याध्यापकांकडे जाऊ नका. त्या आठवड्यात काय करायचं ते सांगते, पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी.

हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. 1994 चा डिसेंबर होता. सहावीतला एक उंच मुलगा मागच्या रांगेत उभा असायचा. आवाज जाड आणि दणदणीत. चाळीस मुलांत त्याचा एकट्याचा सूर वेगळा पडायचा. स्वागतगीताला चार दिवस उरले होते. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “तू नुसते ओठ हलव हं.” तो “हो बाई” म्हणाला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. कार्यक्रम झाल्यावर त्याचे वडील मला भेटायला आले. कारखान्यातून थेट आले होते, हातात जेवणाचा डबा होता. म्हणाले, “मी मागं बसलो होतो बाई. लई कान देऊन ऐकलं, पण आमच्याचा आवाज काय ओळखता आला नाही.” मुलगा शेजारीच उभा होता. मी “समूहात एकट्याचा आवाज ऐकू येत नसतो” असं काहीतरी बोलले. मुलानं मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी तो गाण्याला आला नाही. पडदा ओढायच्या कामावर गेला. रंगीत तालमीच्या दिवशी मी विंगेत उभी होते, तर पाठीमागून कुणीतरी गात होतं. पडद्याची दोरी हातात धरून तोच गात होता. गाणं सगळं पाठ, आणि चक्क सुरात! फक्त आमच्यापेक्षा खाली. मी गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, बसवलं होतं आणि तो पांढरी सहाला सा धरून गात होता. म्हणजे आमचा जिथे सा, तिथे त्याचा मध्यम. ओळीची वळणं, हरकती, सगळं बरोबर. गेल्या वर्षीही तो असाच गात असणार. त्याचा गळा माझ्या पट्टीपर्यंत पोचत नव्हता म्हणून तो आपल्या गळ्याला सोसेल तिथे सुरात गात होता, आणि मी त्याला बेसूर ठरवलं होतं. मी त्या रात्री घरी येऊन सगळ्या गाण्यांच्या पट्ट्या बदलल्या. तो मात्र शाळा सोडेपर्यंत पडद्यावरच राहिला. “मला हेच आवडतं बाई,” म्हणायचा. त्यानंतर ते वाक्य मी कधी कुणाला म्हटलं नाही.

सूर मुळातच ओळखू न येणारी माणसं असतात, पण फार थोडी. एकतीस वर्षांत माझ्यासमोर अशी दोन-तीनच मुलं आली असतील. बाकी ज्यांना आपण बेसूर म्हणतो त्यांतल्या बऱ्याच जणांना गाण्याचा आवाज अजून सापडलेलाच नसतो. ती बोलण्याच्या आवाजातच गाण्याचे शब्द म्हणत असतात. काहींची पट्टी चुकलेली असते. काही जण शेजारच्याच्या दणक्यात स्वतःला ऐकूच शकत नाहीत.

तर या आठवड्यात रोज संध्याकाळी दहा मिनिटं हे करा. पेटी नको, मोबाइल नको. त्याला गॅलरीत उभं करा आणि खाली खेळणाऱ्या मित्राला लांबून हाक मारायला सांगा. अशी हाक मारताना मूल आपोआप गाण्याच्या आवाजात जातं. मग त्याला कुठलाही एक सूर लावायला सांगा, त्याच्या मनाचा. तो जो लावेल तिथे तुम्ही जाऊन मिळा. त्याला तुमच्या सुराकडे ओढू नका. दोन आवाज एकमेकांत विरघळले की कानाला कसं लागतं, हे त्याला कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच कळेल. मग तुम्ही एक स्वर वर सरका आणि थांबा. तो येईल. पहिल्या दिवशी नाही आला तर तिसऱ्या दिवशी येईल. मधूनमधून अग्निशामक गाडीच्या भोंग्यासारखा आवाज खालून वर न्यायचा, वरून खाली आणायचा. हा खेळ मुलांना फार आवडतो आणि गळा मोकळा होतो. गाताना एक कान तळहातानं झाकायला सांगा, म्हणजे स्वतःचा आवाज आत ऐकू येतो. आणि तो कुठल्या सुरावर सहज गातो, ते शेजारीपाजारी कुणाकडे पेटी असेल तर एकदा तपासून घ्या.

मग बाईंना भेटा. तक्रारीच्या सुरात नको. त्यांच्यावर प्रमुख पाहुणे, संस्थाचालक, वेळापत्रक सगळ्यांचं ओझं असतं, आणि गाण्याचे तास बहुतेक शाळांत दुसऱ्याच कुठल्या तरी विषयातून उसने घ्यावे लागतात. एवढंच म्हणा, “बाई, तो घरी या पट्टीत सुरात गातो. एकदा एकट्याला ऐकता का?” पट्टी बदलणं आता शक्य नसेल तर त्याला पक्क्या आवाजाच्या दोन मुलांच्या मधे उभं करायची विनंती करा. आणि त्याला जमतात त्याच ओळी, अगदी फक्त धृपद का असेना, खऱ्या आवाजात म्हणू द्या असं सांगा. अंतऱ्याला त्यानं खुशाल गप्प उभं राहावं. जिथे येत नाही तिथे न गाणं प्रामाणिक आहे. ओठ हलवणं म्हणजे आपण मुलाला सगळ्या गावासमोर खोटं वागायला लावतो. मला ते अजून बोचतं.

मध्य प्रदेशातल्या मैहरला सरोदवादक बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी 1918 च्या सुमारास वाद्यवृंद उभा केला, तो साथीच्या रोगात पोरकी झालेली मुलं गोळा करून. चाचणी घेऊन निवडलेली सुरेल मुलं नव्हती ती. खाँसाहेबांनी त्यांच्यासाठी बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग नावाचं वाद्यसुद्धा बनवलं. आधी मुलं आली, वाद्यं आणि सूर मागून आले. आजही तो वाद्यवृंद मैहर बॅंड म्हणून ओळखला जातो.

झब्बा मात्र आणून ठेवा.

मॅडम, मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. थोडी पेटी येते म्हणून गॅदरिंगचं समूहगान माझ्याकडे आहे. पाचवी ते नववीची 62 मुलं, एक पेटी, एक तबला. वरच्या ओळी आल्या की लहान मुलं ओरडतात आणि आठवी-नववीचे मुलगे खाली गुरगुरतात. दरवर्षी साउंडवाल्याला आवाज वाढवायला सांगतो, त्यानं आणखी बिघडतं. यंदा मुख्याध्यापक म्हणतात, सरळ कराओके ट्रॅक लावा. काय करावं?
— एक शिक्षक, जि. सांगली

सर, तुम्ही स्वतः काळी एकमध्ये गाता का? पत्रात लिहिलेलं नाही, पण तुमच्या मुलांच्या ओरडण्यावरून मला तसं वाटतंय. पुरुषांच्या गळ्याला काळी एक सोयीची असते. सर त्यात शिकवतात आणि मुलं तेच गाणं एक सप्तक वर उचलतात. गाणं तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, गेलं की मुलांना वरच्या सप्तकातल्या पांढरी चारवर जावं लागतं. तिथे न शिकलेला गळा किंचाळणारच. मुलांचा त्यात दोष नाही.

पेटीवर बसा आणि गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर शोधा. वरचा स्वर मुलांना पांढरी एक किंवा पांढरी दोनच्या पलीकडे न्यावा लागू नये. सा ते तार ग एवढ्या आवाक्याचं गाणं असेल तर सा काळी चार किंवा काळी पाचवर ठेवा. काळी चार घेतलीत तर एक मोठी सोय होते. शाळेतला तबला बहुधा काळी एकचा असतो, आणि काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. तोच तबला मध्यमात चोख बसतो, नवा आणायला नको. या पट्टीत पाचवी-सहावीची मुलं खालच्या ओळींना थोडी दबतील. त्या ओळी मोठ्या मुलींना द्या.

आता गुरगुरणारे मुलगे. साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो आणि जवळजवळ सप्तकभर खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो, फक्त तो इतका जाणवत नाही. या मधल्या काळात काही मुलग्यांकडे जेमतेम पाच-सहा स्वर भरवशाचे असतात, तेही महिन्याला बदलतात. त्यांना लाजल्यासारखं होतं, आणि वर्गातली हसतात. एकेकाला मधल्या सुट्टीत बोलवा, त्याचे भरवशाचे स्वर वहीत लिहून घ्या, आणि तेवढ्याच स्वरांची वेगळी ओळ त्यांना द्या. बाकीची मुलं गाणं म्हणत असताना यांनी नुसता सा आणि पंचम धरून ठेवला, किंवा धृपदातले चार शब्द खाली म्हटले, तरी गाण्याला पाया येतो. दोन थरांचं गाणं ऐकून पालक खुर्चीत सावरून बसतात, हे मी पाहिलंय. आणि ज्या मुलग्यांना काढून टाकायची वेळ आली होती, तेच मग गॅदरिंगचे मालक असल्यासारखे वावरतात.

एका वेळी वर्गभर मुलांना गाणं शिकवता येतं, ही गोष्ट आपल्याकडे रुजवणारे विष्णु दिगंबर तुमच्याच भागातले. जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि पलुसकर हे आडनाव तुमच्या शेजारच्या पलूसचं. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तेव्हा गुरूच्या घरी राहून, मर्जी सांभाळून, एकेकट्यानं शिकायची रीत होती. त्यांनी वर्ग भरवले, पुस्तकं छापली, स्वरलिपी बनवली. 62 मुलं पाहून दडपण आलं तर त्यांची आठवण ठेवा. आणि मिरज तुमच्यापासून किती लांब आहे? तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका रविवारी मुलांना घेऊन जा. भोपळा कसा कापतात, जवारी कशी काढतात (तारेला गुंजन यावं म्हणून घोडी कशी घासतात) ते कारागिरांना काम करताना पाहू द्या. पुढच्या वर्षी एखादा जुना तंबोरा शाळेसाठी मिळाला तर पेटीवरचा अर्धा भार उतरेल.

कराओकेला माझा साफ विरोध आहे. तो ट्रॅक मोठ्या माणसाच्या गळ्यासाठी केलेला असतो. मूल अडखळलं तर तबलजी थांबतो, पेटीवाला ओळ पुन्हा वाजवतो, ट्रॅक निघून जातो. शिवाय ज्या दोन मुलांना पेटी आणि तबला वाजवायची संधी मिळाली असती, ती प्रेक्षकांत बसतात. एक पेटी, एक तबला, एक झांज आणि मोबाइलवरचा तंबोरा एवढ्यात गाणं उभं राहतं. मुख्याध्यापकांना हे माझ्या नावानं सांगा.

साउंडवाल्याबद्दल. आवाज वाढवून समूहगान मोठं होत नाही, माइकसमोरची चार मुलं मोठी होतात. मुलांना अर्धगोलात तीन रांगांत उभं करा, मागची रांग बाकांवर. तीन-चार माइक त्यांच्यापासून जरा लांब, डोक्यांच्या थोडे वर ठेवा. कुणाच्या हातात माइक देऊ नका. मुलांच्या समोर एक छोटा स्पीकर हवा आणि त्यात फक्त पेटी. हे एवढं केलंत तर ओरडणं निम्म्यानं कमी होईल, कारण मुलांना सूर ऐकू येईल.

अजून एक. गॅदरिंग मैदानात आणि डिसेंबरात रात्री असेल तर दव पडतं. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओलसर झाली की सैल पडते आणि सूर उतरतो. बासरीही गारठ्यात उतरते. पेटी मात्र जवळजवळ जागची हलत नाही. म्हणून वाद्यं तासभर आधी रंगमंचावर आणून ठेवा, तबला कापडानं झाका, आणि गाण्याच्या अगदी आधी पेटीशी जुळवून घ्या. वर्गात दुपारी जुळवलेल्या तबल्यावर रात्री भरवसा ठेवू नका.

ताई, मी मुलाकडे सहा महिने आले आहे. नातू सहावीत आहे आणि शाळेत व्हायोला वाजवतो. डिसेंबरात त्यांच्या शाळेची कॉन्सर्ट आहे. बॅंड, ऑर्केस्ट्रा आणि कोरस असे तीन वेगळे गट आहेत म्हणे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी. हे काय असतं? गेल्या वेळी मी मधेच टाळ्या वाजवल्या तर सून हळूच “आई, थांबा” म्हणाली. शिवाय नातू घरी वाजवतो त्यात गाणं असं काही ओळखूच येत नाही.
— एक आजी, सध्या एडिसन, न्यू जर्सी

नमस्कार आजी. तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. तिकडच्या बहुतेक सरकारी शाळांत चौथी-पाचवीपासून मुलांना वाद्य निवडता येतं. फुंकायची वाद्यं, म्हणजे फ्ल्यूट, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, आणि ड्रम वगैरे तालवाद्यं मिळून झाला बॅंड. गज फिरवून वाजवायच्या तारा, म्हणजे व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि उभा मोठा डबल बेस, हा ऑर्केस्ट्रा. गाणाऱ्या मुलांचा कोरस. मोठ्या मुलांच्या शाळेत कधीकधी बॅंड आणि ऑर्केस्ट्रा एकत्रही वाजवतात.

वाजवण्याआधी सगळे मिळून एकच सूर बराच वेळ धरतील. ते जुळवणं आहे, कार्यक्रम सुरू झालेला नाही. ऑर्केस्ट्रा आपल्या पांढरी सहाला जुळवतात आणि बॅंड बहुधा काळी पाचला, कारण बॅंडमधली बरीच वाद्यं मुळात त्या सुराची असतात. तुम्ही भजनाला बसला असाल तर कान देऊन ऐका, दोन्हींतला फरक तुम्हाला कळेल.

टाळ्यांचं असं आहे, की मोठ्या रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मधे क्षणभर शांतता असते. ती संपल्याची खूण नसते. समोर पाठ करून उभे असलेले सर हात पूर्ण खाली सोडतात आणि तुमच्याकडे वळतात, तेव्हा टाळ्या. पण तुम्हाला मधे दाद द्यावीशी वाटली यात काहीच गैर नाही. आपण समेवर मान डोलावतो, तशी मनात द्या.

आता नातवाच्या वाजवण्यात गाणं ओळखू का येत नाही. व्हायोला व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा असतो आणि त्याच्या तारा पंचमानं खाली लावलेल्या असतात. मुख्य चाल बहुधा व्हायोलिनला मिळते, खालचा दणदणीत आधार चेलोला. व्हायोला मधे असतो. एकच सूर आठ-आठ मात्रा धरायचा, मधेच दोन स्वर सरकायचं, पुन्हा धरायचं. एकट्यानं वाजवलं तर ते अर्धवट वाटतं. पण वाद्यवृंदातून तो काढून घेतला तर मधे पोकळी पडते. सातारच्या आईंना वर जे लिहिलंय ना, मागच्या रांगेतल्या आवाजाबद्दल, त्याचंच हे वाद्यातलं रूप आहे.

एक करून बघा. नातवाला सांगा, व्हायोलिनची चाल तेवढी मला गुणगुणून दाखव. ती तुम्ही पाठ करा. मग तो त्याचा भाग वाजवेल आणि तुम्ही चाल गा. तुमचा सूर त्याच्या सुरावर टेकल्यावर काय होतं ते त्यालाही कळेल. कार्यक्रमात मग तुम्हाला पन्नास मुलांतून त्याचा सूर ऐकू येईल.

आणि त्याला हेही सांगा की हे सगळं आपल्याला परकं नाही. गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली आणि तुम्ही रेडिओवर ऐकलेल्या हिंदी गाण्यांमागे वाजवत राहिली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. वडील चर्चमध्ये गायनवृंद शिकवायचे, त्यांच्याकडून हे शिकले. पुढे संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं, आणि 1958 मध्ये भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तुमच्या लहानपणीच्या कितीतरी गाण्यांत मधल्या जागी कुणीतरी व्हायोला धरून बसलेलं होतं आजी, आपण फक्त त्याचं नाव विचारलं नाही.

मुलगी सातवीत आहे. शाळेच्या बॅंडमध्ये तिला मोठा ड्रम हवा होता. सरांनी “मुलींना झेपत नाही” म्हणून झांज दिली. ती रुसली आहे.
— एक वडील, नागपूर

मोठा ड्रम जड असतो हे खरं, पण तो मुलग्यालाही जडच असतो. खांद्यांवरून जाणारा नीट पट्टा असेल तर वजन पाठीवर वाटलं जातं. गळ्यात एकच पट्टा अडकवत असतील तर तो कुणालाच देऊ नये, मानेला त्रास होतो. राष्ट्रीय शालेय बॅंड स्पर्धेत मुलींचे ब्रास आणि पाइप बॅंडचे स्वतंत्र गट असतात. तिथे मोठा ड्रम कोण वाजवतं ते सरांनाच विचारा. आणि गणपतीत पुण्याला या, कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणाऱ्या मुली दाखवते.

मुलीला मात्र सांगा, झांज हलकी म्हणून सोपी नाही. ड्रमचा ठोका चुकला तर शेजारचा सांभाळून घेतो, झांज चुकली तर मैदानाच्या टोकाला कळतं. यंदा तिनं झांज चोख वाजवावी आणि सुट्टीत ड्रमच्या काठ्या घेऊन उशीवर हात बसवावा.

आमचं गॅदरिंग दरवर्षी रात्री साडेअकरापर्यंत लांबतं. समूहगान सगळ्यात शेवटी असतं. पालक म्हणतात, चालायचंच, वर्षातून एकदा. तुमचं मत?
— पालक-शिक्षक संघाच्या एक सदस्य, ठाणे

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानंच मनाई आहे. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, आणि सवलतीचे दिवस सरकार ठरवतं, शाळा नाही. पण मला कायद्याहून जास्त त्या मुलांचं वाटतं. दुपारी चारपासून तोंडाला पावडर लावून बसलेलं नऊ वर्षांचं मूल साडेअकराला कुठल्या गळ्यानं गाणार? समूहगान सगळ्यात आधी घ्या. भाषणं त्यानंतर. बक्षिसं दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतच द्या.

ताई, मी सातवीत आहे. आमच्या गॅदरिंगला मी समूहगीताला पेटी वाजवणार आहे. पहिल्यांदाच. घरी चुकत नाही, पण सगळ्यांसमोर मधेच चुकलं तर काय करायचं? मला रोज रात्री तेच स्वप्न पडतं.
— एक मुलगी, रत्नागिरी

मला पंचविसाव्या वर्षीसुद्धा ते स्वप्न पडायचं गं. त्यात पेटीला पट्ट्याच नसायच्या.

चुकलं तर बोटं थांबव, भाता थांबवू नकोस. डाव्या हातानं हवा देत राहा आणि उजव्या हातानं फक्त सा दाबून ठेव. बस्स, एकच सूर. मुलांना गाणं पाठ आहे, त्यांना चालीची गरज नाही, पाय टेकायला जागा हवी. तो सा आहे तोवर ती पडत नाहीत. तू तेवढ्यात तबल्याकडे कान दे. धृपदाची ओळ परत येईल, तिच्या समेवर दोन्ही हातांनी आत ये. समोर बसलेल्यांना वाटेल की ते तसंच बसवलं होतं.

याचाही सराव कर. भावाला किंवा मैत्रिणीला गायला बसव आणि तिला सांग, वाटेल तेव्हा “चुकली!” असं ओरड. ती ओरडली की तू सा धर, आणि पुढच्या धृपदाला परत ये. आठ दिवस रोज पाच वेळा. मग चुकण्याची भीती जाते, कारण चुकल्यावर काय करायचं हे बोटांना माहीत असतं.

गॅदरिंगच्या दिवशी पेटी बसायच्या उंचीला नीट आली का ते आधी बघ. घरी तू जमिनीवर बसत असशील आणि तिथे टेबलावर ठेवतील, तर कोपर उचललं जाऊन हात दुखेल. दादाला सांगून सतरंजीच घालून घे. गारठा असेल तर हात काखेत धरून ऊब दे. आणि निघताना बघ, कुठली पट्टी अडकत तर नाही ना.

तुझं गॅदरिंग कुठल्या तारखेला आहे ते लिहायचं राहिलंय. मला कळव.